बांगड्यांना वेगळा माइक देणारे हसुरामकाका

स्टुडिओत कुणी पहिल्यांदा गायला आलं की हसुरामकाका त्याला माइकसमोर उभं करून एकच प्रश्न विचारायचे, "गाव कोनचा?" 'हॅलो, चेक, वन टू' त्यांना चालत नसे. त्यांचं म्हणणं असं, की हॅलो म्हणताना माणूस दुसऱ्याचा आवाज काढतो आणि गावाचं नाव सांगताना स्वतःचा. एकदा कॉलेजातला एक मुलगा म्हणाला, "सेक्टर सहा." काकांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "सेक्टरला आवाज नसतंय रे. आजोल कंचा तुजा?" मुलाने आजोळचं नाव सांगितलं आणि खरोखरच त्याचा गळा मोकळा झाला. काकांनी मला खूण केली, "हां. आता ह्याला पकड."

हसुराम घरत हे त्यांचं पूर्ण नाव. पनवेल-उरणच्या आगरी गावांमध्ये त्यांना 'दादूस', म्हणजे थोरला भाऊ, म्हणत. मी त्या समाजातली नव्हते, म्हणून मी 'काका' म्हणायचे. तरुणपणी ते लग्नातल्या बेंजो पार्टीत कॅसिओ वाजवायचे, मग कॅसेटींचं रेकॉर्डिंग करू लागले. पुढे सरकारने घेतलेल्या शेतीच्या बदल्यात, साडेबारा टक्के योजनेत, करंजाड्याला प्लॉट मिळाला, त्यावर इमारत उभी राहिली, तेव्हा तळमजल्यावरचा एक गाळा त्यांनी दुकानाला न देता स्टुडिओसाठी ठेवला. हळदीची गाणी, कोळीगीतं, देवीची गाणी, भजनं असं सगळं तिथे व्हायचं. त्यांना जाऊन आता दीड वर्ष झालं. मी त्यांच्याकडे सहा वर्षं काम केलं. ध्वनीबद्दल मला आज जे काही समजतं, त्यातला पुस्तकातला भाग कॉलेजचा आहे आणि कामाला येतो तो भाग त्यांचा.

मी माणगावच्या शाळेत शिकले. वडील कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिलीच, पण भौतिकशास्त्राची पदवी हातात घेऊन पनवेलमध्ये कुठे जायचं ते घरात कुणाला सांगता येत नव्हतं. काकांच्या गाळ्याबाहेर पाटी होती, 'कम्प्युटर येणारी व्यक्ती पाहिजे'. मी आत गेले.

"काय शिकलंस?"

"बीएस्सी फिजिक्स."

"त्यान आवाज शिकवतात?"

"हो."

"मंग ढोलकीला शाई कनाला लावतात, सांग."

मान खाली घालून मी उठायला लागले, तर ते म्हणाले, "बस गो. मना पन नाय येत, मना शाई लागते तवरंच कलतंय. तू पुस्तकातला सांग, मी हाताचा सांगतंय. आर्धा आर्धा करू." पंधरा दिवसांनी मी उत्तर शोधून आणलं. ते त्यांनी दोनदा ऐकलं आणि तेव्हापासून मला 'मास्तरीण' म्हणू लागले.

काम करताना काकांचं तोंड किंचित उघडं असायचं. कान आतून मोकळे राहतात म्हणायचे. मोठ्या आवाजात ते कधीच ऐकायचे नाहीत. गायक-वादक लोक स्वतःचं गाणं दणदणीत ऐकायला उत्सुक असत. काका आवाज इतका बारीक करायचे की पंखा बंद करावा लागे. "मोठ्यान सगलाच चांगला वाटतंय. बारीक कर, मंग चोर सापरतंय." शेवटी दार अर्धं उघडं ठेवून ते जिन्यात जाऊन उभे राहायचे आणि तिथून ऐकायचे. जिन्यात शब्द पोचले तर मिक्स झालं, म्हणजे सगळे आवाज एकमेकांत तोलून बसले. नाही पोचले तर पुन्हा आत.

आकड्यांशी त्यांचं वाकडं नव्हतं, पण बोलताना ते आकडे वापरत नसत. त्यांनी आवाजाच्या प्रत्येक पट्ट्याला नाव दिलेलं होतं. पन्नास-शंभर हर्ट्झचा घूं म्हणजे 'बोरिंग', कारण शेजारच्या इमारतीचा पंप त्याच सुरात चालायचा. अडीचशेच्या आसपास 'रांजण', म्हणजे आवाज मडक्यात बोलल्यासारखा. पाचशेला 'पत्रा'. तीन हजारला 'भांडण', कारण बायकांचं असो की पुरुषांचं, भांडण त्या पट्ट्यातच चालतं आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत कळतं. त्यावर 'शिट्टी', मग 'बांगडी' आणि सगळ्यात वर, जिथे सूर उरत नाही, नुसता मोकळेपणा असतो, तो 'वारा'. ही नावं त्यांनी बॉलपेनने पट्टीवर लिहून स्क्रीनच्या खालच्या कडेला चिकटवली होती. बाहेरचा कुणी इंजिनियर आला तर हसायचा. पण एखाद्या भजनी बुवांना 'अडीचशे हर्ट्झ कमी करू का' विचारलं तर ते घाबरतात. 'तुमचा रांजण थोडा रिकामा करू का' म्हटलं की लगेच मान डोलावतात.

माझ्या पाचव्या वर्षी त्यांची मिक्सेस बिघडू लागली. म्हणजे मला वाटायचं, पण बोलायचं धाडस होत नव्हतं. झांजा टोचायच्या. 'स' आणि 'श' कानात जायचे सुईसारखे. एका गायिकेने हसत हसत सांगितलं, "दादूस, गाना झ्याक झालाय, पन आमच्या कुत्र्यानं भुकायला सुरवात केली." काकांनी स्पीकर बदलले, तारा बदलल्या, भिंतीवरचा फोम बदलला.

एका दुपारी वीज गेली आणि इन्व्हर्टर टीं टीं करू लागला. मी उठून बंद करेपर्यंत तो चांगली दोन मिनिटं ओरडत होता. काका त्याच्या शेजारीच बसून चहा पीत होते. चहा ते बशीतूनच प्यायचे. मी परत आले तेव्हा त्यांची बशी ओठाजवळ तशीच थांबलेली होती.

"काय बंद केलंस?"

"इन्व्हर्टर."

"वाजत व्हता?"

मी हो म्हटलं. त्यांनी चहा संपवला, बशी धुऊन ठेवली आणि दुसऱ्याच दिवशी जुन्या पनवेलातल्या डॉक्टरांकडे जाऊन कान तपासून घेतले. कागदावरची रेघ चार हजारपर्यंत बरी होती, तिथून पुढे ती खाली घसरत गेली होती. म्हणजे 'शिट्टी'पासून वरचं सगळं त्यांना कमी कमी येत होतं, म्हणून ते नकळत वाढवत बसले होते. कागद त्यांनी स्क्रीनशेजारी टाचणीने लावला. "बग मास्तरीण, डाक्टरनी माजाच ग्राफ कारला." ते हसले, मी हसले नाही. मग म्हणाले, "कोनाला बोलू नको. खालचा मी आयकतंय अजून. वरच्याचा कायतरी करू."

त्या 'कायतरी'ची वेळ लवकरच आली, ती भिमाबायमुळे.

भिमाबाय धवलारीण होत्या. आगरी लग्नात मांडव घालण्यापासून हळदीपर्यंतचे विधी धवलारणीच्या गाण्यांवर चालतात. तिने धवला, म्हणजे ते विधीचं गाणं, लावल्याशिवाय पुढचं काही होत नाही. भिमाबाय चाळीस-पंचेचाळीस वर्षं गात आल्या होत्या आणि आता त्यांचा दम पुरत नव्हता. नातीचं लग्न ठरलं होतं. नातीच्या मांडवात आजीचा धवला पूर्ण वाजलाच पाहिजे, म्हणून त्यांचा मुलगा नितेश त्यांना आमच्याकडे घेऊन आला. सोबत भिमाबायचे यजमान बुधाजीही आले होते. ते बाहेर बाकड्यावर चहा घेऊन बसले.

भिमाबायच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत नाही, पण बऱ्यापैकी हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. गाताना त्या हाताने ताल द्यायच्या आणि बांगड्या वाजायच्या. दुसऱ्या कुठल्याही स्टुडिओत पहिली सूचना झाली असती, बांगड्या उतरवून ठेवा. काकांनी तसं काही केलं नाही. त्यांनी दुसरा माइक आणला आणि भिमाबायच्या मनगटांच्या उंचीवर लावला. "ह्यो तुमच्या बांगड्यांना. त्यांचा पन मान असतंय." भिमाबाय खूश झाल्या. "हसुराम, तू वळकतंस रं."

पहिली तालीम सुरू झाली. काका आतल्या खोलीत माझ्या शेजारी. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मास्तरीण, बांगड्या वाढव."

मीटरवर बांगड्या चांगल्या येत होत्या. मी गोंधळून विचारलं, "अजून वाढवू? सगळ्या?"

"सगल्या वाढव."

आणि भिमाबायचं गाणं थांबलं. काचेपलीकडे त्यांनी हेडफोन ओढून काढला होता. गायकाशी बोलायचं बटण मी मघाशी दाबलं होतं, ते तसंच चालू राहिलं होतं. आमचं सगळं बोलणं त्यांच्या कानात गेलं होतं.

आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. आणि बाईच्या बांगड्या वाढवायच्या, त्याही सगळ्या, म्हणजे काय, हे मी सांगायला नको. आम्ही दोघं रोज शंभर वेळा 'ढोलकी वाढव', 'झांज वाढव' म्हणत होतो. तो शब्द बांगडीला लागला की उलटा होतो, हे ना माझ्या लक्षात आलं ना त्यांच्या.

भिमाबाय दार उघडून आत आल्या. "कोनाच्या बांगड्या वाढवतंस गो? आँ? माजा दादला भायेर चाय पितंय! जित्ता हाय!"

बुधाजींनी दारातून डोकावून विचारलं, "काय झाला?"

"तुमाला मारतंय यो हसुराम!"

"मी काय केला त्याचा?" म्हणत बुधाजी चहाचा पेला घेऊन तिथेच उभे राहिले. कुणालाही हसू आलं असतं, पण भिमाबायनी दोन्ही मनगटं पदराखाली झाकून घेतली होती. काकांनी हात जोडले, समजावून सांगितलं, की माइकचा आवाज वाढवायचा होता. त्यावर नितेश जे बोलला त्याने खोलीतलं वातावरणच बदललं. तो म्हणाला, "दादूस, बांगड्या आमाला भायेर बाकड्यावं आयकाय येत व्हत्या. तुमाला आत बसून कम्ती वाटल्या?"

भिमाबाय निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मला घेऊन त्यांच्या घरी गेले. बरोबर कासाराला घेतलं होतं, नारळ आणि खण होता. काही न बोलता त्यांनी कासाराला पुढे केलं. कासाराने भिमाबायच्या हातांत जुन्या बांगड्यांच्या पुढे आणखी चार चार हिरव्या बांगड्या भरल्या. "ह्याला म्हनतात बांगड्या वाढवनं," काका म्हणाले, "काल बोलाय चुकलंव." भिमाबाय तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. बुधाजींनी लगेच विचारलं, "मंग मना आता भ्याव नाय ना?"

पण भिमाबायची एक अट होती. त्या एकदाच गातील. मध्ये थांबणार नाहीत, पुन्हा म्हणणार नाहीत. "आन माज्या गल्यातला काय कापायचा नाय. बांगडी पन माजीच पायजे, जशी वाजते तशी. नायतर मांडवान लावू देनार नाय."

त्या आल्या आणि एका दमात नाही, पण एका बैठकीत सबंध धवला गायल्या. मांडवाच्या मेढीपासून गावदेवीपर्यंत सगळ्यांना बोलावणं झालं. मी ते रेकॉर्ड करताना रडले, हे मला कबूल करायला हरकत नाही. त्यांना घरी सोडून नितेश परत आला आणि चप्पल न काढता दारातच उभा राहिला.

"दादूस, राग नका धरू. रेकार्डिंग झ्याक झालाय. पन मिक्स मी मुंबईला देतंय."

"का रे?"

"तुमाला म्हाईत हाय."

काकांनी खुर्ची फिरवली. "आठ दिवस दे. नाय जमला तर नवव्या दिवशी मी सोता मुंबईला नेऊन देतंय, आन सगल्या गावाला सांगतंय का माजे कान गेले."

नितेशने थोडा विचार करून मान हलवली. तो गेल्यावर मी म्हटलं, "काका, मला वरचं सगळं ऐकू येतं. मी सांगते ना तुम्हाला."

"तुना आयकाय येतंय. पन किती पायजे ता कलतंय?"

मला ते कळत नव्हतं, हे खरं होतं. शिवाय मला बंगळुरूच्या एका कंपनीतून नोकरीचं पत्र आलेलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं. "तुजे कान म्हैन्याभरान जातील बंगलोरला. मना माज्या हाताचा काम माज्या हातान पायजे. वरचा दिसंल असा कायतरी शोध."

म्हणून मी फ्रिक्वेन्सी अॅनालायझर शोधायला बसले. काका त्याला 'अनालाझर' म्हणायचे. आवाजात कुठला सूर किती आहे हे चित्रात दाखवणारी ती यंत्रणा. पूर्वी दिव्यांच्या खांबांची पेटी यायची, आता कम्प्युटरवरच चालते. डझनभर मिळत होते, काही फुकट, काही महाग. मी तीन निवडले, मोठ्या कौतुकाने प्रत्येकाचे गुण-दोष वहीत लिहिले आणि काकांसमोर वही ठेवली. त्यांनी ती मिटली.

"वळखीच्या मानसाची परीक्षा पयली. चल, बोरिंग लाव."

शेजारच्या पंपाचा आवाज आम्ही रेकॉर्ड केला. त्यात दोन सूर आहेत, पन्नासचा आणि त्याच्या दुप्पट शंभरचा, हे काकांना कानाने पक्कं माहीत होतं. पहिल्या अॅनालायझरने दोन्ही मिळून एकच गुबगुबीत डोंगर दाखवला. "ह्याला दोन मानसा एक दिसतात," काका म्हणाले आणि तो बाद झाला. यंत्राला खरं कळतं की नाही, हे ते आधी स्वतःला ऐकू येणाऱ्या आवाजावर तपासत होते. ऐकू न येणाऱ्या आवाजाबाबत त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे त्यावरून ठरणार होतं. कॉलेजात आम्हाला प्रयोगशाळेत हेच शिकवलं होतं, पण त्याचं मोल मला त्या दिवशी समजलं.

दुसरा सगळ्यात महाग आणि दिसायला सगळ्यात देखणा होता. रंग सुंदर, आणि वर तो सल्लाही द्यायचा. मोठमोठ्या गाण्यांचा सरासरी आकार त्याच्या पोटात भरलेला होता. आपलं गाणं त्या आकाराबाहेर गेलं की तो तिथे लाल करायचा. भिमाबायचा आवाज लावला. हजारच्या जरा वर त्यांच्या आवाजात जो अनुनासिक जोर आहे, नेमका तिथे त्याने लाल डाग टाकला आणि कमी करा म्हणून सुचवलं.

काका पुढे वाकून बघत राहिले. "ह्याला सांग, ता तिचा नाक हाय. दोष नाय." मग म्हणाले, "ह्याच्या सल्ल्यान गेलो तर सगल्या बाया एकाच आयच्या पोरी वाटतील." दुसराही गेला.

तिसरा अगदी साधा होता, करड्या रंगाचा. सल्ला देत नव्हता. मी आधी त्याला शेवटचा नंबर दिला होता. पण त्यात बघायची खिडकी, म्हणजे एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा तपासायचा ते, लहान-मोठी करता येत होती. खिडकी मोठी केली की खालचे सूर वेगळे वेगळे दिसायचे, पण चित्र सावकाश हलायचं. लहान केली की बांगडीची टिचकी चटकन पकडायचा, पण खालचं एकजीव व्हायचं. दोन्ही एकदम कुठल्याच यंत्राला जमत नाही, हे मी काकांना सांगितलं. "म्हंजे मानसासारकाच हाय," ते म्हणाले. पंपाचे दोन सूर त्याने खिडकी मोठी करताच दोन सरळ सुळक्यांसारखे दाखवले. त्यात एक सरकतं चित्रही होतं, काळ आडवा आणि सूर उभा. त्यात भिमाबायचं गाणं लावलं, तर 'स' आला की वर नुसता धूर दिसायचा आणि बांगडी वाजली की आधी एक उभी काडी, मग तिच्यातून निघालेले बारीक, चकचकीत आडवे दोरे.

काकांनी तेवढाच तुकडा दोनदा मागे नेऊन लावला. मग बोट लावून म्हणाले, "यो धूर 'स' चा. आन ही काडी बांगडी. दोगी एकाच गल्लीन राहतात, पन दोगी वेगल्या बाया हायेत." 'स' टोचतो म्हणून सगळा पट्टा दाबला तर बांगडी मरणार आणि बांगडी जपली तर 'स' टोचणार, अशी अडचण होती. आता धूर वेगळा दिसत होता. नुसता 'स' येईल तेवढ्याच क्षणी दाबायचा. निवड झाली.

एक मोठी भानगड उरली होती. कुठल्याही गाण्यात वरचे सूर मुळातच कमी ताकदीचे असतात, त्यामुळे चित्रातली रेघ उजवीकडे उतरत जाते. ती बघून काकांचा हात पुन्हा वाढवायलाच जायचा. मी तिसऱ्या अॅनालायझरमध्ये एक सोय शोधली, चित्रच तिरकं करायची, म्हणजे तोलातलं गाणं सपाट दिसतं. पण किती तिरकं? ते पुस्तकात एकच नव्हतं.

काका उठले, कपाटातून जुन्या सीडींचा खोका काढला आणि त्यातली एक निवडली. त्यांनी चाळिशीत मिक्स केलेलं एका लग्नाचं गाणं होतं, त्यात झांज होती, बाईचा आवाज होता आणि बांगड्याही होत्या. "ह्यावर कोनी बोट ठेवला नाय. त्या टायमाला मना उंदराचं चालनं पन आयकाय यायचा. ह्याचा चित्र कारून ठेव." मी त्या गाण्याची रेघ काढून गोठवून ठेवली आणि नव्या गाण्याच्या रेघेखाली फिक्या रंगात पसरली. काका हात चोळत बसले. "चल रे हसुराम," ते त्या फिक्या रेघेला म्हणाले, "सांग बगू म्हाताऱ्याला."

पुढचे चार दिवस मी त्यांचं काम बघत होते, असं काम मी नंतर कुठल्याही मोठ्या जागी बघितलेलं नाही. चार हजारच्या खाली डोळे मिटून, तोंड किंचित उघडं ठेवून. त्याच्या वर डोळे उघडे, चष्मा नाकावर, बोट पडद्यावर. रेघेची नक्कल ते करत नव्हते. एका ठिकाणी फिकी रेघ खाली होती आणि भिमाबायची वर, तरी त्यांनी तिला हात लावला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "तिथं ती देवीला हाक मारतंय. हाक दाबायची नसते." प्रत्येक 'स' ते शोधून काढायचे, धुराएवढाच दाबायचे, काडी राखायचे. सातव्या दिवशी आवाज बारीक करून ते जिन्यात जाऊन उभे राहिले. वरून पोरं उतरत होती, त्यांना हाताने थांबवलं. मग आत येऊन म्हणाले, "शब्द पोचतंय. वरचा तू सांग, पन आता. झाल्यावं."

मी डोळे मिटून ऐकलं. बांगड्या अशा वाजत होत्या, जणू भिमाबाय पाटावर माझ्यासमोर बसल्या आहेत. मी एवढंच म्हटलं, "काका, काही काढायचं नाही आणि काही घालायचं नाही." 'वाढवायचं' हा शब्द मात्र मी जपून टाळला होता.

आठव्या दिवशी नितेशने ते ऐकलं, पण निकाल तो देणार नव्हता. निकाल मांडवात लागणार होता.

हळदीच्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. मांडवाला आंब्याचे टहाळे लावलेले, बायका गोलात बसलेल्या. काकांनी स्वतः स्पीकरच्या मागे उभं राहून आवाज ठरवला, नेहमीसारखा बारीकच. भिमाबायनी पहिल्या दोन ओळी स्वतः म्हटल्या. तिसरीला दम लागला आणि त्यांनी नितेशकडे बघून मान हलवली. स्पीकरवर रेकॉर्डिंग वाजू लागलं. भिमाबाय दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकू लागल्या. बायकांनी हळूहळू सूर धरला, आधी म्हाताऱ्यांनी, मग सुनांनी, मग नवरीनेसुद्धा.

मध्येच एका ओळीवर बांगड्या वाजल्या आणि भिमाबायनी दचकून आपल्या मनगटाकडे बघितलं. हात हलला नव्हता. त्यांनी मनगट उचलून पाहिलं, पुन्हा स्पीकरकडे पाहिलं.

काकांना त्या बांगड्या ऐकू आल्या नव्हत्या. पण ते भिमाबायकडेच बघत होते. त्यांनी माझा दंड इतक्या जोरात धरला की दुखला. "बगलंस? बगलंस ना मास्तरीण?"

धवला संपला. भिमाबाय उठल्या, हळदीच्या वाटीत चारी बोटं बुडवून सरळ स्पीकरच्या मागे आल्या आणि काकांच्या दोन्ही कानांना त्यांनी हळद फासली, पाळीपासून वरपर्यंत, अगदी आतसुद्धा. "कोन म्हनतंय रं ह्याचे कान गेले? आँ? नितेश, तू म्हनालास?" सगळ्या बायका ओरडल्या. नितेश खाली वाकून काकांच्या पाया पडायला लागला तर त्यांनी त्याला वरच्या वर धरला. बुधाजी म्हणाले, "आता मिक्स मुंबईला कवा देतंव?" त्यावर हशा झाला तो बराच वेळ थांबला नाही.

चार दिवसांनी मी बंगळुरूला गेले. पुढे फोनवर बोलणं व्हायचं, प्रत्यक्ष भेट मात्र झाली नाही. म्हणून माझ्यासाठी काका त्या दुपारचेच आहेत. मांडवाबाहेर त्यांनी स्कूटर काढली आणि हेल्मेट डोक्यावर न घालता हँडलला अडकवलं.

"काका, हेल्मेट घाला. नाक्यावर पोलीस असतो."

"हळद पुसंल ना."

"आणि पकडलं तर?"

"पकरू दे," त्यांनी किक मारली. "कान दाखवतंय त्याला." आणि पिवळेधम्मक कान उन्हात मिरवत ते करंजाड्याच्या रस्त्याला लागले.